खिडकीतून तळं दिसणारी खोली

पहिला दिवस, शुक्रवार

लिव्हरपूलला आल्यापासून आईला मनापासून आवडलेली गोष्ट एकच, नळाचं पाणी. थंडीला ती नावं ठेवते, पावसाला ठेवते, रस्त्यात कुणी कुणाशी बोलत नाही म्हणून ठेवते. पण कुकर उघडला की तिचा सूर बदलतो. "डाळ बघ कशी लोण्यासारखी शिजलीय. आमच्याकडं बोअरच्या पाण्यात सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा तो वेगळाच." साबणाला फेस येतो, चहाला रंग येतो, पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर धरत नाही. शेवटी एका रविवारी तिने जावयालाच विचारलं, "अहो, हे पाणी येतं तरी कुठून?"

नवऱ्याला असं कुणी विचारलं की सणच. त्याने लगेच फोनवर नकाशा उघडला. शेजारच्या वेल्सच्या डोंगरात व्हर्नवी नावाचं धरण आहे. तिथून जवळजवळ 110 किलोमीटर लांब जलवाहिनीतून पाणी इथे येतं, आणि हे आजचं नाही, एकोणिसाव्या शतकातलं काम. "आपल्या मुंबईचं तानसा 1892 चं, साधारण त्याच काळातलं," असं तो सांगत होता. आई ऐकत होती, मी नव्हते. व्हर्नवी हे नाव मला वेगळ्याच कारणाने पाठ होतं. त्या धरणाच्या काठावर टेकडीवर एक जुनं, देखणं हॉटेल आहे, आणि त्याचे फोटो गेली तीन वर्षं मी मोबाइलमध्ये जपून ठेवले होते. मेमध्ये आमच्या लग्नाला पंधरा वर्षं होणार होती. दगडाला दोन पक्षी अनायासे मिळाले.

लग्नाच्या वाढदिवसाला आई बरोबर, हे ऐकून ऑफिसातली मैत्रीण खूप हसली. हसू दे. मूळ प्रश्न आईचा होता.

दुपारी जेवून निघालो. मर्सी नदीखालच्या बोगद्यात गाडी शिरली तेव्हा आई "नदी वर आणि आपण खाली?" म्हणून पदर सावरून बसली, बाहेर पडेपर्यंत बोलली नाही. पुढे चेस्टर, रेक्सम, ऑस्वेस्ट्री. रेक्सम वेल्समध्ये आणि त्याच्या पुढचं ऑस्वेस्ट्री पुन्हा इंग्लंडमध्ये. चंदगडकडून बेळगावला जाताना पाट्यांची लिपी बदलत राहते तसं काहीसं. लॅनअमनेख नावाच्या गावात तर सीमा भर गावातून जाते. एक माणूस वेल्समध्ये बसची वाट बघतोय आणि समोरचा इंग्लंडमध्ये कुत्रा फिरवतोय.

वेल्समध्ये शिरलो की रस्त्यावरच वेल्श भाषा सुरू होते, अक्षरशः. वळणाआधी डांबरावर पांढऱ्या अक्षरात 'आराव' लिहिलेलं, त्याच्या जोडीला इंग्रजीत 'स्लो'. आईने दोन-तीनदा वाचून 'अराफ, अराफ' केलं. वेल्शमध्ये एक एफ असला की त्याचा उच्चार व होतो, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आराव म्हण की. आरामात जावा."

आरामात जायचं नवऱ्याच्या नशिबात नव्हतं. लॅनव्हलिन गावाच्या अलीकडे त्याने नकाशावर एक जवळची वाट शोधली. दोन्हीकडे गाडीच्या उंचीची झुडपांची कुंपणं, मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी पट्टी, आणि समोरून मेंढरांची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टर मागे जाणार नव्हता हे उघड होतं. मग दोनशे मीटर रिव्हर्स. मागच्या सीटवरून आईने मान वळवून सूत्रं हातात घेतली. "येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं... आता बास!" एसटीच्या कंडक्टरने दोन बेल मारल्यासारखं तिने सीटवर दोनदा थापटलं. ट्रॅक्टरवाल्याने जाताना हात वर केला तो आईकडे बघून. नवऱ्याकडे त्याने बघितलंही नाही.

धरण एकदम समोर येतं. झाडांतून रस्ता वळतो आणि काळपट दगडाची भिंत दरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हॉटेल त्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर. 1890 च्या सुमाराचं बांधकाम. आत गेलं की पाय गालिचात बुडतात, भिंतींना गडद लाकूड, मे महिना असूनही पेटलेली शेकोटी, आणि सगळ्या दिवाणखान्यांची तोंडं तळ्याकडे. स्वागताला बसलेल्या मुलीने नावं विचारून घेतली, आमचं आडनाव पहिल्याच दमात बरोबर उच्चारलं. लॅन आणि ख आणि थ यांच्यात वाढलेल्या माणसाला मराठी आडनावाची काय भीती.

खोलीत आल्याबरोबर मी पडदे सरकवले. ज्यासाठी तीन वर्षं फोटो जपले ते हेच. खाली झाडांचे शेंडे, मग धरण, आणि मग लांबच लांब निळं-करडं पाणी, दोन्ही बाजूंनी डोंगरांच्या मध्ये वळत गेलेलं. पाण्यात, काठाजवळ, एक दगडी मनोरा. टोकदार हिरवं छप्पर, काठापासून त्याच्यापर्यंत कमानींचा छोटासा पूल. परीकथेतला किल्लाच. नवऱ्याने माहिती पुरवली की या मनोऱ्यातून पाणी आत घेतात आणि बारीक जाळ्यांमधून गाळून लिव्हरपूलकडे सोडतात, छप्पर तांब्याचं आहे, गंजून हिरवं झालंय.

आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती.

"पळसनाथावानी दिसतंय," ती म्हणाली आणि पिशवीतून चहा पावडरीचा डबा काढायला वळली.

दुसरा दिवस, शनिवार

हे आधी सांगायला हवं. आईचं माहेर इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या बाजूला, भीमेच्या काठावर होतं. उजनीचं धरण 1980 च्या सुमारास पुरं झालं आणि ते गाव पाण्यात गेलं. आईचं लग्न त्याच्या आधी, 1974 ला झालेलं. म्हणजे ती सासरी गेली तेव्हा गाव होतं, आणि माझ्या मोठ्या भावाच्या बाळंतपणानंतर काही वर्षांनी ती माहेरी गेली ती थेट माळावरच्या नव्या पत्र्याच्या घरात. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी देऊळही उजनीच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी शिखर दिसायला लागतं, फारच उतरलं तर लोक चालत जाऊन दर्शन घेऊन येतात. आमच्या घरात हा विषय कधी दुःखाने बोलला गेला नाही. "दुसरी गल्ली, पाण्यात गेलेल्या गावातली" असा पत्ता आजी एखाद्या लांबच्या नातेवाइकाचा सांगायची, अगदी सहज.

मला हे सगळं माहीत होतं. व्हर्नवीच्या खाली गाव आहे हेही मी कुठेतरी वाचलेलं होतं. दोन्ही गोष्टी मेंदूच्या वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या, आणि हॉटेलच्या फोटोंनी मधलं दार बंद करून ठेवलं होतं.

सकाळची न्याहारी म्हणजे शाकाहारी माणसाची परीक्षा असते इथे, पण निभावलं. मश्रूम, टोमॅटो, टोस्ट, फळं. अंडी आई खात नाही. शेजारच्या टेबलावर काळसर-हिरवी, शेणाच्या पोतेऱ्यासारखी दिसणारी एक गोष्ट होती. ती समुद्रातल्या शेवाळाची, तासन्‌तास शिजवून केलेली. वेल्सची खासियत. नवऱ्याने मागवली, एक घास खाल्ला आणि "वेगळं आहे" म्हणाला. पंधरा वर्षांत मला कळलंय 'वेगळं' म्हणजे काय ते.

मग धरणावर गेलो. भिंतीवरून रस्ता जातो, गाडीही जाते, पण चालायला हवं. 357 मीटर लांब आणि पायापासून 44 मीटर उंच, सगळं दगडात. 1881 ला काम सुरू झालं, 1888 ला झडपा बंद केल्या, दरी भरायला वर्षभर लागलं. या देशातलं एवढं मोठं असं पहिलं दगडी धरण. ते बघताना माझं लक्ष एका गोष्टीने वेधलं. याला बाजूला वेगळा सांडवा नाहीच. तळं भरलं की पाणी भिंतीच्या माथ्यावरूनच, रस्त्याच्या खालच्या कमानींमधून, दगडांवर पसरत खाली येतं. काल रात्री पाऊस झाला होता आणि पाणी जेमतेम माथ्याला आलेलं. दोन-तीन कमानींतून पातळ थर सुटला होता, दुधाच्या पातेल्याला उतू जाताना सुरुवात होते तसा. खालपर्यंत पोचेस्तोवर तो दगडांवर फाटून पांढरा होत होता. आवाज मात्र भरपूर. आई कठड्यावरून वाकून ते बघत राहिली. मी तिचा स्वेटर मागून धरून.

"खाली काय आहे?" तिने विचारलं.

"खाली नवं गाव. लॅनवदिन."

"नवं?"

झालं. तिथून पुढचा सगळा दिवस आईचा.

भिंतीच्या खालच्या बाजूला, झाडांत, दगडी घरांचं एक छोटं गाव आहे. जुनं लॅनवदिन तळ्यात गेलं तेव्हा लिव्हरपूलच्या महापालिकेने हे नवं बांधून दिलं. जुन्या गावाचा हिशेब असा: एक चर्च, दोन चॅपल, तीन दारूची दुकानं-कम-खाणावळी, दहा शेतघरं आणि 37 घरं. मी मोबाइलवर वाचून आईला मराठीत सांगत होते.

"सदतीस घरांना तीन गुत्ते?" आई म्हणाली. "आमच्याकडं एकच होता, तोही लांब."

मग तिने एकेक करून विचारायला सुरुवात केली, आणि मी एकेक करून नवऱ्याकडे ढकलायला. गावचा देव कुठे गेला? चर्च टेकडीवर नवं बांधलं, ते दिसतंय ते. आणि गाडलेली माणसं? जुन्या चर्चच्या आवारातले अवशेष वर आणून नव्या जागी पुन्हा पुरले. हे ऐकून ती थांबली.

"हलवली? सगळी?"

आम्ही त्या चर्चपर्यंत चढून गेलो. 1888 चंच आहे ते. छोटं, साधं, गवतात कलंडलेले दगड, नावं शेवाळाने भरलेली. खाली जमिनीवर जांभळट-निळ्या फुलांचा सडा, ब्लूबेल म्हणतात ती, मेच्या पहिल्या आठवड्यात या सगळ्या रानात पसरलेली असतात. आई त्या दगडांमधून हळूहळू फिरली. चप्पल कुठे काढायची हे तिने मला विचारलं, मी नको म्हटलं, तरी तिने दाराशी काढलीच आणि गार फरशीवर मोज्यांत उभी राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "माझी आजी, म्हणजे माझ्या वडिलांची, दादांची आई, नदीच्या काठालाच आहे. दगडाचा छोटा चौथरा केला होता दादांनी. तो कुणी हलवला नाही. म्हणजे हलवायचा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं."

मला वाटलं ती आता रडेल. मी तयारीतच होते, पर्समध्ये टिश्यू शोधत होते. ती म्हणाली, "भूक लागलीय. इथं कुठं काही मिळंल का?"

धरण बांधताना मेलेल्या 44 मजुरांच्या नावाचा एक स्तंभ आहे झाडांत. तिथे आम्ही फार थांबलो नाही, पाऊस आला. आईने एवढंच विचारलं की यांत इथले किती आणि बाहेरचे किती. नवऱ्यालाही ते सांगता आलं नाही. दगडाच्या खाणीत, दोर-गाड्यांवर, शेकडो मजूर होते त्या सात वर्षांत. माझ्या डोळ्यांसमोर आईच्याच गोष्टीतली 1972 ची दुष्काळी कामं आली. खडी फोडणाऱ्या रांगा, सुकडीची पाकिटं. तिने स्वतः लग्नाआधी एक उन्हाळा खडी फोडली आहे, इंदापूरजवळ रस्त्याच्या कामावर. हाताच्या अंगठ्याजवळ अजून व्रण आहे. हॉटेलात परतल्यावर त्याच हाताने ती चांदीच्या चिमट्याने साखर घेत होती. तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. मलाच वाटत होतं.

संध्याकाळचं जेवण आमचं खास. पांढरे टेबलक्लॉथ, मेणबत्ती, खिडकीबाहेर मावळतीचं तळं. साडेनऊपर्यंत उजेड. आईने जरीची साडी नेसली, वर कार्डिगन. शाकाहारी पदार्थांत 'ग्लॅमॉर्गन सॉसेज' होतं. सॉसेज ऐकून आईने नकार दिला. मी बिचाऱ्या वाढणाऱ्या मुलाला दोनदा विचारलं, त्याने दोन्ही वेळा शपथेवर सांगितलं की यात मांस नसतं, चीज, पातीचा कांदा म्हणावा असा लीक आणि ब्रेडचा चुरा, एवढंच, आणि हे वेल्समध्ये खूप जुनं आहे. आलं, कापलं. वरून कुरकुरीत, आत मऊ. आईने काट्याने टोचून वास घेतला.

"कोथिंबीरवडीची चुलत बहीण आहे," असा निकाल देऊन तिने तीनही खाल्ली.

गोड खाताना तिने हळूच खोलीचं भाडं विचारलं. नवऱ्याने निम्मा आकडा सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे दुप्पट असणार," आणि मनातल्या मनात रुपयांत करून गप्प बसली. मग खिडकीकडे मान करून म्हणाली, "ह्या दिसण्याचेच घेतात ना एवढे?"

हो, म्हटलं. तळं दिसणाऱ्या खोल्यांचं भाडं जास्त असतं, मागच्या खोल्यांचं कमी.

"आमच्याकडं भिगवणला पण आता असंच झालंय," ती म्हणाली. त्या रात्री एवढंच.

तिसरा दिवस, रविवार

तळ्याभोवती साधारण 19 किलोमीटरचा रस्ता आहे. सकाळी लवकर गाडीने फेरी मारली, थांबत थांबत. हे सगळं रान पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. लाकडी खोपटी, आत बाक, समोर फट आणि फटीपलीकडे टांगलेले दाणे. एक काळा-पांढरा, चिमणीएवढा माशीमार पक्षी ओकच्या ढोलीत ये-जा करत होता. आफ्रिकेतून एवढ्या लांब येऊन हे पक्षी नेमके वेल्सच्या ओकच्या रानात घरटी करतात. आमच्या शेजारी बसलेल्या, गुडघ्यावर दुर्बीण ठेवलेल्या म्हाताऱ्या बाईंनी तो दाखवला. आईला त्यांनी आपली दुर्बीण दिली. आईने डोळ्यांना लावली, फिरवली आणि त्यांना मराठीतच सांगितलं, "आमच्याकडं फ्लेमिंगो येतात. भिगवणला. उजनीच्या पाण्यावर. लोक पुण्यामुंबईहून येतात, होडीत बसून फोटो काढतात." मी भाषांतर केलं. बाईंनी विचारलं, तळं नैसर्गिक आहे का? नाही, आई म्हणाली, धरणाचं. त्याखाली गावं आहेत. माझंपण.

बाईंनी दुर्बीण परत घेतली नाही, मांडीवरचा हात आईच्या हातावर ठेवला. मग म्हणाल्या, त्या बाला गावाच्या बाजूच्या आहेत आणि आम्ही वेळ असेल तर केलिनचं तळं बघावं. केलिन म्हणताना त्यांचा चेहरा जरा घट्ट झाला.

तर तिकडे निघालो. तळ्याच्या वरच्या टोकाहून एक अरुंद रस्ता डोंगरावर चढतो, बूल्ख अ ग्रोइस नावाच्या खिंडीकडे, 545 मीटरवर. सह्याद्रीच्या हिशेबाने ही उंची काहीच नाही. पण झाड एकही नाही, नुसतं पिवळं गवत, वारा आणि मध्येच रस्त्यावर आडव्या बसलेल्या मेंढ्या, कोकरांसकट. हॉर्नला भीक न घालणाऱ्या. आईला हे उघडंबोडकं रूप फार आवडलं. "इथं धान्य कोण पिकवत असंल?" कुणी नाही. मेंढ्याच.

बालाला चहा आणि 'बारा ब्रिथ' नावाचा सुक्या मेव्याचा ओलसर केक, जाड लोणी लावून. तिथलं तळं मात्र देवाने दिलेलं, वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. तिथे आम्ही फार रेंगाळलो नाही. पुढे वाटेत एका गोठ्याच्या भिंतीवर लाल रंगावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत 'कोविउख ड्रवेरिन' रंगवलेलं दिसलं. ट्रवेरिन विसरू नका. केलिनचं तळं याच ट्रवेरिन नदीच्या दरीत आहे. मूळ भिंत दूर समुद्राकडे आहे, पण तिच्या नकला अलीकडच्या वर्षांत वेल्सभर रंगवल्या गेल्यात.

ट्रवेरिनची गोष्ट व्हर्नवीपेक्षा अलीकडची आहे, म्हणून जास्त बोचते. 1957 साली लिव्हरपूलने ब्रिटनच्या संसदेत कायदा करून घेतला, वेल्सच्या कुठल्याही स्थानिक मंडळाची परवानगी न घेता. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही, तरी तो झाला. दरीतलं कापेल केलिन हे गाव, जिथे सगळे वेल्श बोलायचे, 1965 ला पाण्यात गेलं. शाळा, टपाल कचेरी, चॅपल, घरं आणि शेतघरं मिळून बारा. 67 माणसांपैकी 48 बेघर झाली. चॅपलच्या स्मशानातल्या काहींना नातेवाइकांनी हलवलं, बाकीचे तिथेच, वर काँक्रीट टाकून. पाणी खाली डी नदीत सोडतात, चेस्टरजवळ उचलतात, आणि ते लिव्हरपूलला येतं.

तळ्याच्या काठी एक स्मारक-चॅपल आहे, जुन्या चॅपलचे दगड वापरून केलेलं, होडीच्या नाळेसारखं गोलसर. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. वारा इतका की बोलणं उडून जात होतं. मी आईला सांगितलं की चाळीस वर्षांनी, 2005 ला, लिव्हरपूलच्या महापालिकेने याबद्दल जाहीर माफी मागितली.

"माफी?" आई म्हणाली. "महापालिकेने?" तिला खरंच कळेना. "म्हणजे कशी? पत्र पाठवलं?"

तसंच काहीसं, म्हटलं.

"आणि मग?"

"मग काही नाही. पाणी तसंच येतं."

ती भिंतीच्या आडोशाला बसली. नवरा फोटो काढायला लांब गेला होता. मी धीर करून विचारलं, तुला राग येतो का गं? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"कुणाचा?" ती म्हणाली. "तुझ्या मामाचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. मोटर टाकलीय बॅकवॉटरला. त्याच्या पोरांची शिक्षणं त्या उसावर झाली. मी कुठल्या तोंडानं शिव्या देऊ?" मग जरा थांबून, "फक्त एक झालं. माहेरी जाते म्हटलं की एस्टीतून उतरायचं ते ठिकाणच बदललं. आधी उतरलं की चिंच होती, मग ओढा, मग मारुती, मग आमची गल्ली. डोळे मिटून गेले असते. नव्या गावात सगळ्या गल्ल्या सरळ. मी दोनदा चुकून दुसऱ्याच्या घरात शिरले. मोठ्या दोन लेकरांना घेऊन."

हे तिने हसत सांगितलं. त्या घरातल्या बाईने तिला चहा पाजून योग्य दारापर्यंत सोडलं होतं म्हणे.

रात्री हॉटेलवर परत. मी एकटी बराच वेळ खिडकीत बसले. उजेड गेल्यावर तळं पहिल्यांदा जातं, मग डोंगर, आणि मनोरा सगळ्यात शेवटी. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. केक आला, चांगला होता.

चौथा दिवस, सोमवार

बँक हॉलिडे. पहाटे आईने खोलीतल्या किटलीत स्वतःचा चहा केला, गवती चहा टाकून. तो तिने लिव्हरपूलहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. सगळ्या मजल्याला वास गेला असणार. जाताना स्वागतकक्षातल्या मुलीने विचारलंच, "आज सकाळी कसला छान वास होता?" आईने उरलेल्या चार पाती तिच्या हातात ठेवल्या आणि उकळायच्या कशा ते हातवाऱ्यांनी दाखवलं. मुलीने "डिओल्ख" म्हटलं, वेल्शमधलं धन्यवाद. शेवटचा ख आईला एका झटक्यात जमला. अनेक इंग्रजांना तो जन्मात जमत नाही.

परतीच्या वाटेवर पिस्टिल रायाडर धबधबा केला. 73 मीटर, एका उडीत नाही, मध्ये दगडाच्या नैसर्गिक कमानीतून वळसा घेत. पावसाळ्यातल्या आंबोलीला बघितलेल्या माणसाला तो फार मोठा वाटणार नाही. मला वाटला नाही. पण त्याच्या खालच्या लॅनरायाडर गावाबद्दल एक सांगायला हवं. तिथल्या विल्यम मॉर्गन नावाच्या धर्मोपदेशकाने 1588 साली संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणलं. सरकारदरबारी इंग्रजी असताना निदान दर रविवारी चर्चमध्ये वेल्श कानावर पडत राहिली, आणि भाषा टिकली त्याचं एक मोठं कारण हे. डांबरावर 'आराव' लिहिलेलं आपण वाचतो त्याच्या मागे तो माणूसही आहे.

दरीत चार दिवस मोबाइलला रेंज अशी नव्हतीच, हॉटेलच्या वायफायवर भागत होतं. लॅनरायाडर सोडून मोठ्या रस्त्याला लागलो तसा आईचा फोन टुणटुणायला लागला. मामाचे तीन मिस्ड कॉल. तिने लगेच लावला. भारतात संध्याकाळ झालेली. आवाज एवढा मोठा की स्पीकरची गरज नव्हती.

"हां दादा. अरे फिरायला गेलो होतो. धरणावर. हो, हितं पण धरण... तुझं सांग. उजनी किती आहे?"

"मायनसमधी गेलीय कवाच," मामाचा आवाज. "मोटरी उघड्या पडल्यात. रोज पाइप वाढवावा लागतुया. काल पोरं गेलती चालत, देवळापातुर. मारुतीचा चौथरा बी दिसतुया म्हणं."

"चिंच?"

"चिंच कुठली आता, येडी का काय. खोड दिसतंय म्हणत्यात, पर ते आपलंच कशावरनं." मग तो हसला. "तुमच्याकडलं किती भरलंय?"

आईने खिडकीतून मागे पाहिलं. दिसण्यासारखं काही नव्हतं, रस्ता, कुंपणं, एक मेंढी.

"काठोकाठ," ती म्हणाली. "वरून सांडत होतं."